पडद्यावरचा मेजर

शौर्यपदक मिळालेल्या शहीद मेजरवर सिनेमा काढायचं ठरलं, तेव्हा दिग्दर्शक त्याच्या घरी आला. जखमी जवानांना आणायला मेजर गोळीबारात पुन्हा कसा शिरला आणि परतलाच नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. हवा होता तो फक्त निरोपाचा प्रसंग.

"वहिनी, शेवटचं निघताना ते काय म्हणाले?"

"म्हणाले, नळाचा वॉशर बदललाय, आता गळणार नाही."

दिग्दर्शक घुटमळला. "देशाबद्दल काही?"

"नाही हो. बूट चढवले नि निघाले. निरोपाचं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही."

सिनेमा लागला. पडद्यावरचा मेजर दारात उभा राहून बराच वेळ बोलला. आईला मिठी मारून त्याने मातृभूमीचं ऋण सांगितलं, बायकोचे डोळे पुसले, वळूनवळून मागे पाहिलं. अख्खं थिएटर हुंदके देत होतं. दिग्दर्शकानेसुद्धा रुमाल काढला.

पहिल्या रांगेतली मेजरची म्हातारी आई मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत होती. थोड्या वेळाने ती सुनेच्या कानाशी लागली.

"मुलगा गुणी दिसतोय गं. कोणाचा आहे?"