चिठ्ठ्यांनी भरलेलं पॅकेट

ड्रेस्डेनच्या आमच्या कचेरीत एकेहार्टसाहेबांचा नियम होता: नेटवर्कच्या प्रत्येक मॉड्यूलनं, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्यानं, निरोप नेणाऱ्या पॅकेटवर आपली चिठ्ठी डकवायची, दुसऱ्याच्या चिठ्ठीकडे ढुंकूनही बघायचं नाही. चिठ्ठ्या इतक्या झाल्या की पॅकेटमध्ये जागा उरेना. साहेबांनी फर्मान काढलं, “ज्याला मालक नाही, ते आधी फेका.”

शुक्रवारी दुपारी साहेब सगळ्यांसाठी केक घेऊन वर येत होते, तोच लिफ्ट अडकली. त्यांनी मदतीचं बटण दाबून बोंब ठोकली. लिफ्टचा फोन आमच्याच नेटवर्कवर, त्यामुळे पॅकेट क्षणात पोचलं.

“माझ्या चिठ्ठीवर ‘फार तातडीचं’ असं आलंय,” टॉर्स्टन म्हणाला.

“माझ्या चिठ्ठीवर पॅकेट कुठून आलं ती जागा आलीय. सांगू?” वीबकेनं विचारलं.

“नको गं बाई! साहेब कच्चा खातील मला. निरोप काय आहे तेवढं बघ.”

“निरोप नाहीच, फेकला गेला. त्याला मालक कुठं होता?”

“म्हणजे नियम चोख चालतोय! केक खाताना सांगू साहेबांना.”

केकची वाट बघून बघून आम्ही घरी गेलो.

सोमवारी लिफ्ट उघडली. केकचं खोकं चाटूनपुसून साफ होतं. आम्हाला वाटलं, आता नियम मोडीत निघणार.

बसलेल्या घशानं साहेब म्हणाले, “निरोपाच्या मालकाची चिठ्ठी राहिली होती. तेवढी वाढवा.”

“पण साहेब, जागा कुठाय?” वीबके म्हणाली.

“निरोप काढला की होईल!”