तिकटीवरच्या बाहुल्या

"शिवराज, हात नको लावू त्याला!" लालसाब टेम्पोतूनच ओरडला.

तोवर शिवराजने बाहुली उचललीही होती. जुन्या जकात नाक्याजवळ तीन रस्ते मिळतात, त्या तिकटीवर कुणीतरी उतारा टाकला होता. दहीभात, टाचण्या टोचलेलं लिंबू आणि काळ्या कापडाची वीतभर बाहुली. भात त्याने कुत्र्यांना ठेवला, बाकीचं पिशवीत टाकलं.

"भंगार पायजे तेवढं ने की माज्याकडनं," लालसाब म्हणाला. "पन हे कुनाच्या तरी अंगावरनं उतरलेलं असतंय. उचलनाऱ्याच्या मागं लागतंय."

"लागू दे. माझा खोकला त्याच्या आधीचा हाय."

ते खरंच होतं. यंत्रमागाच्या बंद पडलेल्या शेडमध्ये तो काम करायचा. तिथली कापसाची धूळ छातीत बसली असणार, असं तो सांगे. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. अंगावरचे कपडे मात्र दिवसेंदिवस ढिले होत चालले होते.

टाकाऊ वस्तूंची मांडणशिल्पं करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. मागाचे मोडके धोटे झाले, गिरणीचे बिल्ले झाले, फाटक्या चादरींच्या किनारी झाल्या. लोक यायचे, छान म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. उताऱ्यांनी मात्र त्याचं नशीब उघडलं. टांगलेल्या एका बाहुलीचा फोटो दिल्लीला पोचला आणि तिकडून विचारणा झाली, पूर्ण काम कधी दाखवताय? ते होईपर्यंत शरीराने साथ द्यावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

चौकाचौकांत कॅमेरे बसल्यापासून उतारे दुर्मीळ झाले होते. ही तिकटी मात्र अमावास्येला कधी रिकामी नसायची.

"टाके बघ किती बारीक," त्याने बाहुली लालसाबपुढे धरली. "कुणीतरी कुणावर लई जीव लावलाय."

बोलता बोलता त्याला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला. लालसाबने तोंड फिरवून टेम्पो सुरू केला.

घरी त्याने नेहमीसारखं भंगार आणल्याचं सांगितलं. आई भोळी, खरं कळलं तर अन्न सोडायची. बजाबाई देवापुढे बसली होती. हल्ली ती दोन दिवे लावायची.

"आई, माझा चौकडीचा शर्ट कुठंय?"

"इरला व्हता. पुसायला घेतला."

"आणि दोन दिवे कशाला?"

"एक तुजा."

"दुसरा?"

"हाय कुणीतरी. मला ठाव न्हाय. माज्यापायी भोगत आसंल बिचारं." तिने वात पुढे सारली. "तुला आज बरं वाटतंय न्हवं?"

"व्हय," तो खोटंच म्हणाला. म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतं, असं समजून त्याने पुढे विचारलं नाही. पहाटे ती त्याची चादर सारखी करायला यायची, तेव्हा अर्धवट झोपेत त्याला तिच्या काकणांची किणकिण डोक्यापासून पायांपर्यंत फिरताना ऐकू येई. त्या आवाजाने त्याला छान झोप लागायची.

उन्हाळा लागला आणि रुमालावर लाल ठिपके दिसू लागले. त्याने रुमाल लपवले आणि काम पुरं केलं. दिल्लीला जाण्याआधी ते सोलापुरात दाखवायचं ठरलं. प्रदर्शनाच्या दाराशी पाटी होती, 'दुसऱ्यांची पीडा'. आता आईलाही कळायला हरकत नव्हती. लालसाबच तिला टेम्पोतून घेऊन आला, पण स्वतः उंबऱ्याबाहेर थांबला.

मागाच्या लोखंडी सांगाड्यावर सुतांनी टांगलेल्या बाहुल्या पंख्याच्या वाऱ्यावर हलत होत्या. बजाबाई कौतुकाने आत शिरली. पहिल्या बाहुलीपाशीच थांबली. तिने ती उलटी करून पाठीवरची शिवण पाहिली. मग दुसरीची. मग तिसरीची.

"ह्या कुटं घावल्या तुला?"

"नाक्याजवळच्या तिकटीवर. सगळ्या तिथल्याच."

"कवापास्नं उचलतोस?"

"पहिलीपासून. एकही सोडली नाही बघ," तो अभिमानाने म्हणाला आणि खोकत भिंतीला टेकला.

बजाबाईने बाहुलीच्या पाठीचा टाका नखाने उसवला. आतून चौकडीच्या कापडाची चिंधी बाहेर आली. बजाबाईने ती मुठीत धरली.

"शिवा," ती म्हणाली, "म्हंजी दुसरा दिवाबी तुजाच व्हता की रं."