न घाबरता बोला

माझ्या भावाला भर दुपारी कुणी भोसकलं, हे अख्ख्या गल्लीने पाहिलंय. पण विचारलं की सगळ्यांची दातखीळ बसते. म्हणून आज नगरपालिकेचे साहेब आमच्या शाळेच्या हॉलमध्ये सभा घ्यायला आले. "टायगरच्या टोळीला घाबरू नका," ते माईकवरून गरजले. "बिनधास्त नाव सांगा, आम्ही पाठीशी आहोत!"

"आत्ताच बरा यांना पुळका आला," आई पुटपुटली. "तू तोंड उघडू नकोस हं."

मी आणि गप्प बसणार? शक्यच नाही! ताडकन उठले. "साहेब, मी सांगते!"

साहेब दचकलेच. शेजारच्या कारकुनाकडे वाकून त्यांनी हळूच काहीतरी विचारलं, पण माईक चालूच राहिल्यामुळे ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.



"अरे, या सभेला टायगरभाऊंची परवानगी घेतली होतीस ना?"