तेलाला जागा

सुनीतीने प्रयोगशाळेतला फोटो पुढे केला, तसा अण्णाप्पांनी चष्मा पुसून तो उजेडात धरला. गुळगुळीत पोलादावर लेझरने पाडलेले, केसाच्या जाडीहूनही उथळ असे शेकडो खळगे त्यात दिसत होते.

“हे खळगे तेल धरून ठेवतात. घर्षण जवळजवळ निम्मं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही लेथच्या सरकत्या भागाखालच्या पट्ट्यांवर स्क्रेपरच्या धारेने हाताने खरवडून पाडायचात, तसेच.”

वीस वर्षांपूर्वी ती कारखान्यात तपासणीला नवी होती. अण्णाप्पांच्या पट्ट्यांवरचे खवल्यांसारखे ओरखडे पाहून तिने ‘पृष्ठभाग खराब’ असा शेरा मारला होता. “बाई, आरसा केलासा तर तेल बसायचं कुठं?” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, तेव्हा तिने हसून विचारलं होतं, “हे कुठल्या पुस्तकात आहे?” आठवड्याभरात साहेबांनी त्यांचा स्क्रेपर काढून घेतला आणि त्यांना पॅकिंगला बसवलं.

“चूक माझी होती, अण्णा. आता माझ्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना शिकवायला या.”

ते मनापासून हसले. “हात बघा की, चहाचा कप धरवत नाही. आन् तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई.”

“मग तुमच्या हाताखाली शिकलेलं कुणी?”

“पॅकिंगला बसवल्यावर तिघं आले होते घरी, शिकवा म्हणून लई मागं लागले.” त्यांनी फोटो अलगद तिच्या हातात परत दिला. “शिकलेल्या बाईनं चूक म्हटलेलं, ते पोरांना कसं शिकवायचं? परत पाठवलं.”