अंगुस्तान

साथ आली, चर्चला कुलूप लागलं आणि शिंपीणबाई तापाने आतल्या खोलीत एकट्या पडल्या. नवरा बंद दाराबाहेर स्टूल टाकून रविवारची उपासना चालवू लागला. वाचन ठीक, प्रार्थना लांबलचक, गाणं मात्र भयंकर. सूर सुटला की बाईंच्या बोटातलं शिवणाचं अंगुस्तान आतून लोखंडी खाटेवर वाजायचं, पूर्वी चर्चच्या बाकावर वाजायचं तसंच. "अहो, देवाला तरी सोडा." "तो माझ्यासारखाच सोशिक आहे." टकटक आली की त्याला हायसं वाटे, चिडते आहे, म्हणजे बरी आहे. या रविवारी प्रार्थनेनंतर आतून 'आमेन' आलं नाही. डोळा लागला असेल, म्हणत त्याने कडवं नेहमीपेक्षा बेसूर गायलं. खाट वाजली नाही. आणखी रेकला, शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. कडी काढण्याआधी त्याने तेच कडवं अगदी सुरात म्हटलं. सुरात गाणं त्याला पहिल्यापासून येत होतं.