साहेब उठले

आत गेल्यावर ओळख दाखवायची नाही, असं मेघा वकिलिणीनं कडूबाईला कोर्टाच्या दारातच बजावलं होतं. उस्मानपुऱ्यातली कडूबाईची पिठाची गिरणी बेलीफ उद्या सकाळी रिकामी करून घेणार होता. खालची कोर्टं जागामालकाच्या बाजूनं गेली होती. आज हायकोर्टात स्थगिती मिळाली तरच गिरणी वाचणार होती, आणि प्रकरण आलं होतं न्यायमूर्ती राजकुमार साळव्यांपुढं.

राजकुमार नवा वकील असताना गिरणीच्या मागच्या खोलीत राहिला. आमदारकीला उभा राहिला तेव्हा प्रचाराचं ऑफिस तिथंच, पिठाच्या धुरळ्यात. निवडून आला, पुढच्या खेपेला पडला, पुन्हा काळा कोट चढवला आणि आता त्या उंच खुर्चीवर. मेघाला त्याची मेहेरबानी नको होती. शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस हवा होता, आणि साळवेसाहेब वाचायचे.

पुकारा झाला. गुडघ्यावर हात टेकून कडूबाई उठली आणि पुढं आली, नजर फरशीवर.

साहेबांनी मान वर केली आणि ते उठले. मतं मागायच्या दिवसांत म्हाताऱ्या बायकांपुढं उठायचे तसे, हात जोडून. कोर्ट उठलं असं समजून अख्खं दालन उभं राहिलं. शिपायानं रिवाजाप्रमाणं खुर्ची मागं ओढली. चूक साहेबांच्या ध्यानात आली, तसे ते मागं न बघता बसायला गेले.

“आरं राजकुमार, खुर्ची बघ!” कडूबाईच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी टेबल धरलं म्हणून वाचले. कोणीतरी फिदकन हसलं.

मालकाचा वकील लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, अर्जदार बाईंचा आणि साहेबांचा परिचय आहे की काय. हाच गडी साहेबांच्या लेकीच्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवून आला होता. ते कुणी परिचयात धरत नाही. दळण दळणाऱ्या बाईचा तेवढा परिचय होतो.

मेघानं डोळे मिटले. साहेबांनी नाही म्हटलं असतं तर पुरावा कुणाकडं होता?

“आहे,” साहेब म्हणाले. “यांच्या भाकरीवर जगलोय मी.”

मग खालच्या मानेनं त्यांनी सांगितलं, की हे प्रकरण माझ्यापुढं नको, दुसऱ्या कोर्टापुढं ठेवा.

दुपारी दुसऱ्या कोर्टात अर्ज टिकला नाही.

बाहेर पायऱ्यांवर मेघा संतापली होती. एवढी वकिली केली, एवढं राजकारण केलं, आणि या माणसाला एक मिनिट खुर्चीला चिकटून बसता आलं नाही, असं ती बडबडत राहिली. कडूबाई तिची बडबड संपेस्तोवर थांबली.

“लई वाळलाय गं,” ती म्हणाली.

मग तिनं मेघाला मुकुंदवाडीच्या टेम्पोवाल्याला फोन लावायला सांगितला. चार हमाल आण म्हणावं, गिरणीचे दगड भारी हायेत, अंधार पडायच्या आत हलवू.

“अन् राजकुमारच्या कानावर घालू नको,” पदर खोचत ती म्हणाली. “येडा हाय. दगड उचलू लागायला यील.”