ठमीची तपासणी

अंधांना वाट दाखवणारी कुत्री शिकवून देणाऱ्या संस्थेच्या बाई दहा पावलं मागून चालत होत्या. आप्पांना ठमी घरापासून दुकानापर्यंत कशी नेते ते पाहायला त्या वर्षातून एकदा यायच्या. ठमीला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं.

"मी आहे असं समजूच नका," निघताना त्या म्हणाल्या होत्या.

"बरं," आप्पा म्हणाले. ठमीच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ त्यांनी धरली. जरा जास्तच घट्ट.

आप्पा वेताच्या खुर्च्या विणायचे. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. नऊ वर्षं रोज सकाळी ठमी त्यांना याच रस्त्याने दुकानात पोचवत आली होती.

पहिल्या वळणावर फुटपाथ संपतो. तिथे चावीवाल्याने किल्ल्यांचा जुडगा खळखळ वाजवला. आप्पा थांबले. ते थांबले म्हणून ठमी थांबली. पुढे गटाराचं झाकण उघडं होतं, तिथे इस्त्रीवालीने टेबलावर इस्त्री दोनदा आपटली. आप्पा ठमीला गुडघ्याने हळूच लोटत वळसा घालून गेले. बेकरीवाला रोज नुसता खाकरायचा. आज त्याला असा खोकला लागला, की आतून बायको पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

हे कोणी ठरवलं नव्हतं. थंडीत एकदा ठमी भर उजेडात खांबावर आदळली, ते चावीवाल्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने जुडगा वाजवला. मग ज्याला जे सुचलं ते तो करू लागला. आप्पांनी कधी कोणाला विचारलं नाही, आणि त्यांनाही कोणी काही बोललं नाही.

बाई वहीत लिहीत होत्या. बेकरीपाशी त्यांचं पेन थांबलं.

बेकरीच्या पुढे एक रंगारी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. तो या रस्त्यावर नवा होता. शिडी फुटपाथवर तिरकी टेकवलेली होती. बेकरीवाला अजून पाणीच पीत होता. ठमी शेपटी हलवत शिडीखालून सरळ गेली. आप्पांचं कपाळ शिडीवर आपटलं आणि रंगाचा डबा खाली आला.

"अहो!" रंगारी वरून ओरडला. "कुत्रं आंधळं आहे की काय?"

सगळा रस्ता गप्प झाला. रंगाऱ्याला वाटलं, आपण भलतंच काहीतरी बोललो. तो भराभर खाली उतरला.

"माझीच चूक," आप्पा घाईघाईने म्हणाले. त्यांच्या भुवईतून रक्त ओघळत होतं. "मीच तिला पुढे चल म्हटलं. तिचा काही दोष नाही. लिहू नका हो, बाई."

बाई ठमीसमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी झटकन तिच्या डोळ्यांपाशी मूठ नेली. ठमीची पापणी हलली नाही. मग तिला वास आला, तशी तिने लाडाने ती मूठ चाटली.

"आप्पा, कधीपासून?"

"कशाचं कधीपासून?"

बाईंनी ठमीची पापणी बोटाने उचलून पाहिली.

"थंडीत डावा गेला," आप्पा म्हणाले. "उजव्याने परवापरवापर्यंत थोडं दिसत होतं."

"मला एक फोन करायचा होतात."

"केला असता, तर तुम्ही तिला नेलं असतंत."

"नेणारच. दोघंही एखाद्या दिवशी गाडीखाली गेला असतात."

"मग घरी ठेवतो. कामाला नाही लावत."

"ती राहील घरी?"

आप्पांनी मान खाली घातली. दुकान बंद असेल त्या दिवशीही ठमी सकाळी पट्टा तोंडात धरून दाराशी उभी राहायची. शेवटी तिच्यासाठी म्हणून ते एक फेरी मारून यायचे.

"तिला वाटतं, तीच मला नेते," ते म्हणाले. "तेवढं कसं काढून घेऊ, सांगा."

बाईंनी रुमालाची घडी करून त्यांच्या भुवईवर दाबून धरली.

"संध्याकाळी गाडी घेऊन येते," त्या म्हणाल्या. "माझ्या आईकडे ठेवीन तिला. मोठं अंगण आहे."

"तिथे काय करेल ती?"

"काही नाही. आराम करेल."

"तिला ते येत नाही हो."

बाईंनी वही मिटून पिशवीत टाकली. "दुकान किती लांब आहे अजून?"

"शंभरेक पावलं."

"चला तर. पोचवू दे तिला."

आता त्या मागे राहिल्या नाहीत. आप्पांच्या उजव्या बाजूने चालत, चढ-उतार आला की त्यांच्या कोपराला बोट लावत होत्या. रंगाऱ्याने शिडी उचलून छातीशी धरली होती. ते बरेच पुढे गेले, तरी ती खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

ठमी मान वर करून चालत होती. आप्पांच्या दुकानाच्या एक दुकान अलीकडे ती थांबली आणि पायरीसमोर बसली. पोचवून झालं की ती अशीच बसायची, शाबासकीसाठी तोंड वर करून. वेताचा ओलसर वास आला नाही. आला तो नव्या, कोऱ्या कापडाचा. आप्पा क्षणभर उभे राहिले.

मग ते वाकले. "शाब्बास गं पोरी," तिच्या कानामागे खाजवत ते म्हणाले. "आलं दुकान."

आतलं शिवणयंत्र थांबलं. शिंपीण उठली. तिने दार सताड उघडलं आणि ती म्हणाली, "या आप्पा. या, आत या."